ळ बाळाचा

शंभर वर्षांपूर्वीची शाळा मी या दोन हातांनी सारवली आहे. असं म्हटलं की माझी नात डोळे मोठे करते आणि बोटांवर माझं वय मोजायला लागते. पण गोष्ट खरी आहे. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. धुळ्यात कमलअक्काच्या खानावळीत भाकरी थापत होते. शहरातल्या एका मोठ्या शाळेला शंभर वर्षं होत होती, आणि आपले पणजोबा कसे शिकले हे लोकांना बसून अनुभवता यावं म्हणून त्या शाळेनं एका खोलीत जुन्या काळचा वर्ग उभा करायचा ठरवला होता. बाकं काढली, फरशीवर माती पसरून चोपली, भिंतींना पांढरी माती लावली. घोडं अडलं ते सारवण्यापाशी. शहरात शेण मिळतं, सारवणारा हात मिळत नाही. शिपायानं एकदा करून पाहिलं तर वाळल्यावर पापडासारखे पापुद्रे उठले. मग कोणीतरी सांगितलं, सहाव्या गल्लीतल्या खानावळीत एक खेड्याची मुलगी आहे, तिला विचारा.

कमलअक्का म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. आमचं गाव जळगावच्याही पलीकडं, रावेरच्या बाजूला, केळीच्या बागांत बुडालेलं. अक्काला धुळ्यात दिलं होतं. नवरा गेल्यावर तिनं घरातच खानावळ टाकली. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत जेवणारे, मधे एक फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याच्या आत आम्ही दोघी. अक्काची बोटं सांध्यांत सुजायला लागली, भाकरी थापवेना, तेव्हा तिनं माझ्या वडिलांना निरोप धाडला की एक पोरगी दे. चार मुलींमधली मी दिली गेले. भाऊ, म्हणजे माझे वडील, मला एसटीनं घेऊन आले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही, एवढं आठवतं. येताना केळीचा एक अख्खा घड आणला होता, तो अक्काच्या पडवीत टांगला आणि ते त्याच गाडीनं परत गेले. घड पिकून संपेपर्यंत मी रोज त्याच्याखाली झोपले.

अक्कानं मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं, हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी तिला नावं ठेवणार नाही. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा फुसफुस आवाज आला की माझा दिवस सुरू व्हायचा. मग ज्वारीच्या पिठात उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी, तिचा थाप थाप आवाज, आग्रा रोडवरच्या ट्रकांचे भोंगे आणि त्यात अक्काचं बोलणं, असं सगळं एकत्र चालायचं. सोमवारी शेवभाजी, बुधवारी पाटवड्यांचा रस्सा. हिवाळ्यात आमच्या बाजूची पांढुरकी-हिरवी वांगी आली की पडवीच्या मागं काड्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत कुटलेलं भरीत. त्या दिवशी गल्लीतून जाणारा माणूस दाराशी रेंगाळायचाच. जेवायला आयटीआयची पोरं असायची, कलेक्टर कचेरीतले कारकून असायचे, औषधांच्या पेट्या घेऊन फिरणारे एक गृहस्थ असायचे. सगळे अक्काला मानत. अक्काही त्यांच्याशी बोलताना अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. पडद्याच्या बाहेर तिचं ‘आहे’ असायचं आणि पडद्याच्या आत पाऊल टाकलं की ‘शे’. ती पडदा सारायची तसं तोंड बदलायची, आणि तिचं तिला कळायचंही नाही.

मला मात्र कळलं, पहिल्याच दिवशी. आमच्या बाजूला ळ नाही. म्हणजे पुस्तकात आहे, तोंडात नाही. आम्ही डोया म्हणतो, सकाय म्हणतो, काया म्हणतो, केयी म्हणतो. ज्या केळ्यांवर आमचं अख्खं गाव जगतं, त्यांचं नावही आम्हाला पुस्तकासारखं म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी मी पडद्याबाहेर गेले आणि विचारलं, पोयी वाढू का? एक कारकून म्हणाले, पोयी? ती कोणत्या झाडाला लागते ग? सगळे हसले. त्यांनी काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पुढं याच माणसानं मला मासिकांचे जुने अंक आणून द्यायला सुरुवात केली, आणि मी आज जे लिहिते आहे ते त्या अंकांच्या जिवावर. पण त्या दिवशी मी आत येऊन कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याकडं तोंड करून उभी राहिले. अक्का रागावली नाही. भाकरी थापता थापता तिनं मला शिकवलं. जीभ वर वळव, टाळूला लाव, आता सोड. पोळी, डाळ, गूळ, केळं. एकेका भाकरीला एकेक शब्द. दोन-तीन महिन्यांत मला ळ यायला लागला. नीट यायला लागला. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

शाळा मी सहावीत सोडली, आणि सोडली तीही या ळपायी. चौथीपर्यंत गावातच होते. तिथले गुरुजी आमच्यातलेच होते, ते स्वतःच शाया म्हणायचे. पाचवीला शेजारच्या गावी जावं लागलं. तिथं नवे मास्तर आले होते, लांबून, घाटाकडून. त्यांना वाटायचं आम्ही मुद्दाम चेष्टा करतो. आमच्यासाठी त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं: काळा घोडा पळाला, तळ्यात जाऊन लोळला. ते फळ्यावर लिहायचे आणि एकेकाला उठवायचे. मी वाचायचे, काया घोडा पयाला. मग अंगठे धरायचे. पायांचे अंगठे हातांनी धरायचे, गुडघे न वाकवता, तास संपेपर्यंत. सगळा वर्ग तसंच म्हणायचा हो. पण शिक्षा मला जास्त व्हायची, कारण मला वाचायला यायचं. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांना मास्तर उठवायचेच नाहीत. मला रोज उठवायचे. डोक्यात रक्त उतरायचं, कान गरम व्हायचे, आपल्याच झग्याची किनार डोळ्यांसमोर लोंबायची आणि वर्ग उलटा दिसायचा. दीड वर्ष मी वर्ग उलटाच पाहिला. सहावीच्या दिवाळीनंतर पोट दुखतं म्हणून घरी राहिले, आठ दिवसांनी आई म्हणाली बागात चाल, आणि मी गेले. का सोडलीस म्हणून कोणी विचारलं नाही. दाखल्यावर लिहून आलं, सतत गैरहजर.

तर सारवायला गेले. शेणात माती किती घालायची, पाणी किती, हे कोणी मोजून शिकवत नाही, हाताला कळतं. समोरच्या भिंतीपासून सुरू करायचं, दाराकडं पाठ, आणि एकेक हात मागं सरकत यायचं, नाहीतर आपल्याच पावलांनी आपलं काम बिघडतं. मी अर्ध्या खोलीत आले असेन, तेव्हा डाव्या भिंतीवर लावलेला मुळाक्षरांचा जुना तक्ता दिसला. हात चालू ठेवून मी तो वाचत होते, ओठ हलत असतील. दारात शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंच, करड्या केसांच्या, आवाज कमी आणि धाक जास्त. त्यांनी विचारलं, किती शिकलीस? मी सहावी म्हणाले. का सोडलीस? मी सारवत राहिले. चार-पाच हात मागं सरकेपर्यंत त्या तिथंच होत्या. मग म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म माहीत आहे का? शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं. दाखला घेऊन ये. सकाळी वर्ग भरण्याआधी तासभर माझ्याकडं शिकायला ये. सही मी करीन.

मी खानावळीत येऊन हे सांगितलं तर अक्काच्या हातातलं लाटणं खाली पडलं. तिला स्वतःला सही करता येत होती, त्यापलीकडं काही नाही. दहावी म्हणजे तिच्या लेखी नर्सची नोकरी, बालवाडीची नोकरी, खुर्चीवर बसायचं काम. तिनं त्याच संध्याकाळी भाऊला पत्र लिहायला लावलं की दाखला पाठव. मीच लिहिलं ते. मला काय वाटत होतं म्हणाल तर भीती. पुन्हा वर्ग, पुन्हा वाचायला उभं राहणं. पण हवंही होतं. इतकं हवं होतं की मी रोज पोस्टमनची सायकल ओळखायला शिकले. दाखला आला. तो घेऊन गेले तेव्हा बाईंनी तो चष्मा लावून वाचला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, रविवारी जुन्या शाळेचं उद्घाटन आहे. तू आणि तुझी आत्या दोघी या. वर्गात बस. मला पाहायचंय तू वर्गात कशी वागतेस. मग फॉर्म भरू.

म्हणजे परीक्षाच होती ती. अक्कानं मला तिची मोरपंखी साडी नेसवली, केसांना इतकं तेल लावलं की कपाळावर ओघळ आला, आणि वाटेत दहा वेळा बजावलं की विचारतील तेवढंच बोल. खोलीच्या दारावर झेंडूचं तोरण आणि पाटी होती: शंभर वर्षांपूर्वीची शाळा. आत गेले आणि माझे पाय थांबले. सारवलेली जमीन, बसायला तरटाचे तुकडे, कोपऱ्यात पाण्याचा माठ, खिळ्याला टांगलेली छडी. लोक हौसेनं इकडंतिकडं पाहत होते, एकमेकांना दाखवत होते, कसे शिकत असतील नाही बिचारे. मला हसू आवरेना आणि रडूही. ही माझीच शाळा होती. सहा वर्षांपूर्वीची. या लोकांचे पणजोबा आणि मी एकाच वर्गात होतो.

पंतोजी झाले होते नाना. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, गावात मान असलेले. धोतर, बाराबंदी, डोक्याला लाल पागोटं. आवाज असा की बाहेरच्या रिक्षावाल्यानं हात जोडावेत. वर्गात पंचवीसेक जण असतील, बँकेतले साहेब, डॉक्टरीण बाई, वकील, त्यांची मुलं. मोठ्या बाई मागं खुर्चीवर. अक्का आणि मी भिंतीकडेला. नानांनी प्रत्येकासमोर लाकडी फळी ठेवली, तिच्यावर विटकरीची बारीक धूळ पसरलेली. बोटानं लिहायचं, हलवून पुसायचं. धूळपाटी म्हणतात तिला, ती मात्र मीही तेव्हाच पाहिली. मग त्यांनी निमकी म्हणायला लावली, म्हणजे अर्ध्याचा पाढा. बँकेतले साहेब नऊ निमे साडेचारला अडकले. नाना गरजले, अंगठे धर. साहेब हसत हसत उठले, पोट आडवं येत होतं तरी वाकले, आणि फोटोवाल्यानं फोटो काढला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग डॉक्टरीण बाई मुद्दाम चुकल्या. मग त्यांचा मुलगा. अंगठे धरायची रांग लागली होती. जत्रेत पाळण्यात बसायला लागते तशी. मी अक्काचा हात धरून बसले होते. तिच्या सुजलेल्या बोटांना दुखलं असेल, तरी तिनं हात सोडवून घेतला नाही.

मग नानांची छडी माझ्याकडं वळली. मुली, तू. लिही, कमळ. मी धुळीत लिहिलं. अक्षर चांगलं आलं. नाना वाकून म्हणाले, वा, टपोरं आहे. आता मोठ्यानं वाच. मी उभी राहिले. समोर छडी, खाली सारवलेली जमीन, सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. आणि तोंडातून निघालं, कमय.

खोली खो खो हसली. नानांना चेव आला, खेळ रंगत होता. छडी तळहातावर आपटत ते म्हणाले, कमय? पुन्हा वाच. ळ. ळ बाळाचा.

आता मी पुन्हा सांगते, कारण पुढं गल्लीत असं पसरलं की बिचारीला ळ म्हणताच येत नव्हता. मला येत होता. तीन वर्षं दिवसातून शंभरदा मी पोळी म्हणत होते, डाळ म्हणत होते. पहिल्यांदा निसटलं ते भीतीनं. पण दुसऱ्या वेळी जीभ माझ्या ताब्यात होती. वर वळवायची, टाळूला लावायची, सोडायची. झालं असतं. बाई खूश झाल्या असत्या, फॉर्म भरला गेला असता, अक्काचा जीव भांड्यात पडला असता. मी जीभ वर नेलीसुद्धा. आणि तिथून ती खाली आणली.

“कमय,” मी म्हणाले. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू जाईल असं.

या वेळी हसू कमी आलं. नाना म्हणाले, अंगठे धर. फोटोवाला जवळ सरकला. आणि काय सांगू, माझी पाठ माझ्या आधी वाकली. मी ठरवायच्या आत ती अर्धी खाली गेली होती, हात गुडघ्यांच्या खाली पोचले होते. इतकी सवय. खाली माझ्याच बोटांचे सारवणाचे अर्धगोल दिसले, एकात एक गुंतलेले. मी तशीच क्षणभर राहिले. मग सरळ उभी झाले.

“नाही धरणार.”

नाना अजून हसत होते. “अगं, पंतोजींचं ऐकायचं असतं. खेळ आहे हा.”

“तुमचा खेय होतो, गुरुजी. माझे धरून झालेत. दीड वर्ष.”

मागून कोणीतरी म्हणालं सोडा हो तिला, कोणी म्हणालं अडाणी आहे. बँकेतले साहेब, ज्यांचा चेहरा अजून वाकल्यामुळं लाल होता, ते चिडून म्हणाले की आम्ही एवढे धरले, मग हिला काय सोनं लागून गेलंय? अक्का माझी साडी खाली ओढत होती. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तोंड चालू झालं होतं आणि ते थांबेना.

“साहेब, तुम्ही निमकी चुकले. मी काय चुकले? माझी माय शाया म्हणते, माझा बाप शाया म्हणतो. या खोलीत बसलेल्या किती जणांच्या घरी शाया म्हणतात, खरं सांगा.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. वकिलांचं म्हणणं वेगळं, डॉक्टरीण बाईंचं वेगळं, पोरं त्यातच कमय कमय ओरडायला लागली. नानांनी छडी माठावर आपटली आणि त्यांच्या त्या भरदार आवाजात ओरडले, “बठ्ठा गप बसा!”

बठ्ठा. सगळे नव्हे, आमच्या घरातलं बठ्ठा. खोलीत असं हसू फुटलं की माठातलं पाणी हललं असेल. नानांनी चाळीस वर्षं शुद्ध मराठी शिकवली होती. धुळ्यातली निम्मी कचेरी त्यांच्या हाताखालून गेलेली. ते गोंधळून उभे राहिले. मग हळूच चौरंगावर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आत केस घामानं चिकटले होते. एकदम म्हातारे दिसायला लागले. कोणाला ऐकू जाऊ नये असं त्यांनी मला विचारलं, “तुनं गाव कोनतं शे, बेटा?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझी धूळपाटी जवळ ओढली, तिच्यावरचं कमळ पाहत बसले, हलवून पुसलं मात्र नाही. शिपायानं घंटा दिली आणि जुनी शाळा वेळेआधी सुटली.

आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्या म्हाताऱ्याचा मी भरसभेत पाणउतारा केला का? त्यांना ते पागोटं फार आवडलं होतं, सकाळपासून आरशात पाहत होते म्हणे. त्यांनी मला मारलं नव्हतं. मारणारा दुसराच होता, आणि तो तिथं नव्हता. काळजी करायचा माझा स्वभावच आहे. अजूनही बँकेत फोन करायचा असला की मी आधी मनात वाक्य म्हणून पाहते, त्यात ळ कुठं कुठं आहे ते. पण तो दिवस पुन्हा आला तर मी काय करीन, एवढं मात्र ठाऊक आहे.

बाईंनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर फॉर्म होता, कोरा. अक्का दाराला धरून उभी. बाईंचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. म्हणाल्या, तू पाहुण्यांसमोर शाळेचा कार्यक्रम मोडलास. नाना तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. बाहेर बसलेत. जा, माफी माग, मग हे भरू.

मी म्हणाले, नानांच्या पाया पडते. वडीलधारे आहेत, आत्ता पडते. पण कमय म्हटल्याबद्दल माफी मागणार नाही.

दारातून अक्का म्हणाली, “म्हन ना माय, एक डाव म्हनी टाक. तोंडानं म्हनाले काय जास?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तोवर मी अक्काची एक गोष्ट मोडली नव्हती. तिच्या घरात मला पोटभर अन्न मिळालं, मोरपंखी साडी मिळाली, माझं आजारपण तिनं उशाशी बसून काढलं. त्या सगळ्याचं ओझं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक अक्षर. मी तिच्याकडं न पाहता म्हणाले, “अक्का, तू सांगशील ते सगयं करीन. हे नही.”

बाईंनी चष्मा काढला. “मग पेपरात काय लिहिशील? शाया?”

“नाही बाई. पेपरात ळ लिहीन. लिहायचं तुम्ही शिकवाल तसं लिहीन. तोंड माझं आहे.”

पंखा घरघरत होता. बाहेर कोणीतरी माठ उचलून नेत होतं, पाणी सांडल्याचा आवाज आला. बाई माझ्याकडं इतका वेळ पाहत राहिल्या की मी मनात पडवी सोडून गावाकडं जायला निघालेसुद्धा. भाऊला काय सांगायचं तेही जुळवलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि पेन उचललं. नाव विचारलं, लिहिलं. वडिलांचं नाव, लिहिलं. गाव, तालुका. मग विचारलं, शेवटची शाळा कोणती?

मला ठाऊक होतं हे येणार. “जिल्हा परिषद मराठी शाया,” मी म्हणाले.

बाईंचं पेन ‘शा’वर थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी पेन उचललं, फॉर्म फिरवून माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, तू भर. तुझं तूच लिही.

मी उभ्या उभ्याच, टेबलावर वाकून, त्या ठिपक्यापुढं लिहिलं. ळची दोन्ही वेटोळी मी जरा मोठीच काढली, रकान्याच्या रेघेबाहेर गेली. पुढं दहावीला मी गणितात दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा नाद सोडला, त्यामुळं सहावी ती सहावीच राहिले. पण मराठीत ळपायी कोणी माझा एक गुण कापलेला नाही. बाईंनी तो रकाना वाचला, काही न बोलता सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

“सोमवारपासून सकाळी सातला,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “उशीर चालणार नाही. शाळेत.”

“येते बाई,” मी म्हणाले. “शायेत येते.”